रिपोर्टात नसलेली ओळ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. घरात तर नाहीच. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे माझ्या पोटात काही असेल असं कुणाला वाटतही नाही. गप्प माणसाला लोक भोळं समजतात — आणि मी तसं समजू दिलं.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज, मागे आमचं एकत्र घर. फाट्यावर एक रीत आहे. गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर शेजारच्या टपरीवरून थंड्याची, म्हणजे कोल्ड्रिंकची, मोठी बाटली आणतो आणि मिस्त्रीनं ती त्याच्याबरोबर प्यायची. नाही म्हटलं तर त्याला लागतं. काम मनापासून केलं नाही की काय, असं वाटतं. नाना लस्सीच्या उंच स्टीलच्या ग्लासानं प्यायचे. जेवढ्या गाड्या, तेवढे ग्लास.

नानांना शुगर निघाली. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी थंडा बंद करायला सांगितला. नाना हो म्हणाले आणि आले तसे बाटलीसमोर बसले. काकूंनी ग्लास लपवला, तर त्यांनी बाटलीच तोंडाला लावली. पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी ओली. चप्पल घालताना ते तोंड फिरवायचे — मी पाहत असायचे. ‘बंद’ म्हटल्यावर माणूस ऐकत नाही. मग म्हणायचं तरी काय?

पुढचं लिहायला हात अडतोय. बरं — लिहिते.

तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला, इंग्रजीत. आमच्याकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी वाचायला लागले की टीव्ही बंद होतो. एरवी माझं बोलणं अर्ध्यात तोडणारी माणसं पोथी ऐकल्यासारखी बसतात. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट नानांचाच होता.

मी आकडे वाचले. मग कागदावरून नजर न उचलता एक ओळ वाचली, जी तिथं नव्हतीच — दिवसाला चहाच्या एका ग्लासापेक्षा जास्त थंडा घेतला, तर सहा महिन्यांत दृष्टी जाईल.

नानांनी विचारलं, “असं लिवलंय?”

“हो.”

“चहाचा म्हंजी आपला हा छोटा, काचेचा?”

“तोच.”

साखरेनं डोळे बिघडतात हे खरं. पण त्या कागदावर डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि सहा महिने मी जागच्या जागी ठरवले होते.

दुसऱ्या दिवशीपासून गॅरेजात चहाचा ग्लास आला. नाना तो एकच ग्लास दिवसभर पुरवायचे — प्रत्येक ड्रायव्हरबरोबर एक घोट. रीत राहिली, ड्रायव्हरचा मानही राहिला. एकानं विचारलं, “नाना, थंडा पिताय का तीर्थ घेताय?” नाना म्हणाले, “तीर्थच हाय. म्हणून तर पळीपळीनं घेतो.” हसता हसता त्या ड्रायव्हरनंही स्वतःसाठी तसाच ग्लास मागितला. मग दुसऱ्यानं. टपरीवाल्यानं मोठ्या बाटल्या मागे सारून लहान पुढे मांडल्या. ‘नानांचं माप’ असं फाट्यावर लोक म्हणू लागले. काकूंनी हळदीकुंकवाला पन्हंसुद्धा त्याच मापानं दिलं आणि कुणी नाक मुरडलं नाही. जखम सुकली. सहा महिन्यांनी नवा रिपोर्ट आला, तो मी शब्दन् शब्द खरा वाचला. साखर उतरली होती. मला कधी नव्हे ते रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंना, काकूंना, कुणालाच जे जमलं नव्हतं, ते मी केलं होतं.

मग यात लपवण्यासारखं काय?

हे. त्या सहा महिन्यांत रोज सकाळी नाना गॅरेजच्या दारात उभे राहून एक डोळा झाकायचे आणि भोरच्या एसटीची पाटी वाचायचे. मग दुसरा झाकून. काकू आल्या की डोळ्यात कचरा गेल्यासारखं करायचे. वरंधा घाट त्यांना पाठ होता, पण त्यांनी घरचा टेम्पो चालवणं सोडलं आणि तो आपल्या मुलाच्या हाती दिला. एकदा जेवताना म्हणाले, “घाटात मधीच दिसायचं बंद झालं तर? मागं माणसं बसल्याली असत्यात.” मी समोरच भाकरी खात होते. खात राहिले. एका वाक्यात त्यांची भीती संपली असती — पण ती संपली की उंच ग्लास परत येईल, हेही दिसत होतं. आणि याहून वाईट सांगू? माझ्या एका वाक्यानं एवढा मोठा माणूस हलला, हे मला आवडलं होतं.

नवा रिपोर्ट घेऊन आम्ही भोरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं जमलं कसं? नानांनी छाती पुढे काढून सांगितलं, की मागच्या रिपोर्टातच माप लिवलं हुतं, आमच्या पोरीनं वाचून दावलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी रिपोर्टाची घडी घातली आणि तो माझ्याच हातात दिला. मग नानांनी डोळ्यांचं विचारलं. बाईंनी तपासलं आणि डोळे स्वच्छ आहेत म्हणाल्या.

त्या दिवशी टेम्पो मुलाकडून घेऊन नाना स्वतः चालवायला बसले. घरी न जाता गाडी घाटाकडे वळवली. प्रत्येक वळणावर उगाच हॉर्न देत होते. मी शेजारी बसून हसत होते, अगदी मनापासून. ते डोळे आधीपासूनच स्वच्छ होते, आणि सहा महिने नाना आंधळं होण्याची वाट पाहत जगले, हे मी त्यांना घाटात सांगितलं नाही. नंतरही नाही.