हुमणी आणि कच्चं मटण

राजारामपुरीतल्या आमच्या घरापुढचं लॉन म्हणजे चार ढांगांची हिरवळ. पण त्या वर्षी तिनं माझा जीव खाल्ला. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, अर्धांगवायू झाला होता आणि डॉक्टरांनी रोज गवतावर अनवाणी चालवायला सांगितलं होतं. जन्मभर शेती केलेला माणूस काठी टेकत दहा पावलं टाकायचा आणि कौतुकासाठी माझ्याकडं बघायचा. वाचा गेलेली. दिवसातून एखादा शब्द कसाबसा निघायचा.

गवत दाट व्हावं म्हणून मी मे महिन्यात माहेराहून, गारगोटीहून, दोन पोती शेणखत आणवलं. रविवार होता. मामंजी व्हरांड्यात जेवत होते. मी पोतं ओतलं तसे ते ओरडले, "कच्चं!"

असा राग आला म्हणून सांगू! पाच शिट्ट्या काढलेलं मटण कच्चं? ताट उचललं, परत कुकर लावला. पुन्हा वाढलं, तर पुन्हा "कच्चं!"

"आता ह्याहून शिजलं तर विरघळंल की मामंजी!" म्हणून मी तणतणत आत गेले.

गणपती झाले आणि लॉन पिवळं पडायला लागलं. पाणी वाढवलं. युरिया टाकला, दुकानदारानं दिलेलं औषध फवारलं, शेजारच्या कुत्र्याला शिव्या घातल्या. ढिम्म फरक नाही. वैताग नुसता! साळुंक्या तेवढ्या सकाळपासून त्या पिवळ्या गवतात चोची मारत बसायच्या.

मग एका सकाळी मामंजींच्या पायाखालचं गवत सतरंजीसारखं सरकलं आणि ते पडले. फार लागलं नाही, पण त्यानंतर ते खुर्चीतून उठेनात. मी चिडून ते गवत ओढलं, तर अख्खं हातात आलं. मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या. हुमणी! उसातली हुमणी माझ्या दारात!

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, खत नीट कुजलं नव्हतं व्हय? कच्च्या खतातनंच येती की हुमणी."

मी फोन ठेवला.

बादलीत रॉकेल-पाणी घेऊन अळ्या वेचायला बसले. मामंजी खुर्चीतून बघत होते. "तुम्ही सांगत होता," मी म्हटलं, "मलाच कळलं नाही. चुकलं माझं."

ते काठी टेकत उठले. पाच पावलं चालून आले, कडेच्या हिरव्यागार गवतावर काठी ठोकली आणि म्हणाले, "हितं."

मी उकरलं. मूठभर निघाल्या.