रुमाल कोणासाठी हलतोय

आमचे हे सरकारी नोकरी सांभाळून कॉलनीच्या फुटबॉल क्लबचे कोच होते. इतकी वर्षं, की दिल्लीतलं अख्खं मयूर विहार मला ‘कोचवाली भाभी’ म्हणायचं. जुनं मैदान घरामागेच होतं. तिथली एक रीत होती. एखादा खेळाडू ढेपाळला की रेषेला खेटून उभे असलेले लोक रुमाल हलवायचे आणि हे त्याला बाहेर घ्यायचे. खेळाडूही रुसायचा नाही. रुमाल म्हणजे रुमाल!

मग क्लबने सामने लांबच्या मोठ्या स्टेडियमवर नेले. हिरवळ चांगली, दिवे चांगले म्हणून ह्यांनी होकार दिला. लोकांना कोणी विचारलंच नाही. दोन बस बदलून जायचं, आणि खुर्च्या नि मैदानाच्या मध्ये धावण्याचा रुंद ट्रॅक. खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. त्यात आम्ही हरायला लागलो, आणि गेटवर ‘कोच हटाओ’ सुरू झालं.

मी म्हटलं, “अहो, सोडा ना आता.”

“हरलो म्हणून सोडू? एकदा जिंकू दे, मग बघू.”

ह्यांचा जीव त्या क्लबात अडकलेला आणि माझा ह्यांच्यात. मग काय, दर रविवारी मी चुळबुळत स्टँडमध्ये!

त्या रविवारीही आम्ही हरत होतो. शेजारी जुन्या मैदानापासूनचे सरदारजी होते, माझ्या चकल्यांवर पोसलेले. नजर चुकवत म्हणाले, “भाभीजी, बुरा मत मानना. आज रुमाल कोच साहब के लिए है.”

माझ्या चकल्या खाऊन हे! मी काही बोलायच्या आत सगळा स्टँड रुमाल हलवायला लागला.

ह्यांनी वर पाहिलं, मान डोलावली, आणि आमचा एक खेळाडू बाहेर काढला. अगं बाई! गेटवरचे नारे ऐकून होते, पण रुमाल फक्त खेळाडूसाठी असतो असंच ह्यांच्या डोक्यात. रुमाल थांबेनात, तसा दुसरा काढला. मग तिसरा. नियमाने आता आणखी खेळाडू बदलता येणार नव्हते.

“अहो, ते तुमच्यासाठी आहेत!” मी उभी राहून ओरडले. ट्रॅकपलीकडे काय कप्पाळ ऐकू जाणार?

“यार, ये तो अब भी हमारी मान रहे हैं,” सरदारजी पुटपुटले आणि त्यांनी रुमाल खिशात घातला. बाकीच्यांचे हलतच होते.

हे हातानेच विचारायला लागले, आता कोण? कोणाला काढू? मग हात हळूहळू खाली आले. समजलं त्यांना. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी मदतनिसाकडे दिली, ट्रॅक ओलांडला आणि पायऱ्या चढून सरळ वर आले. सगळे रुमाल खाली आले. मला रडू फुटलं होतं, ते मी लपवलंही नाही. सरदारजींनी सरकून जागा दिली.

हे बसले. डोळे बारीक करून मैदानाकडे बघत राहिले. तेवढ्यात खाली गोल झाला.

“किसने मारा?” हे सरदारजींचा हात धरून विचारायला लागले. “किसने मारा?”

“पता नहीं, साहब,” सरदारजी म्हणाले. “यहाँ से कभी पता नहीं चलता.”