एका हातानं चढणारा स्कर्ट

रघोजीनं आयुष्यात माणसं पुष्कळ बडवली. जीव कुणाचा घेतला नाही, पण जबडे मोडले, दात पाडले, एकाचं नाक तर असं बसवलं की तो आजही घोरायला लागला की शेजारच्या घराची झोप उडते. आता ही मारामारी त्यानं स्वतःच्या रागापायी केली असं मात्र समजू नका. राग वरुणरावांचा असायचा आणि हात रघोजीचा.

वरुणराव म्हणजे त्याचे थोरले बंधू, त्याचे अण्णा. तंजावरहून ओरत्तनाडूकडं जाणाऱ्या रस्त्यावर पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठी घराण्याची भातगिरणी आणि तिच्यामागं घर, शेती. आईबाप लवकर गेले. धाकट्याला थोरल्यानं वाढवलं, आणि वाढवलं ते बदडून. ताटात भात राहिला, बदड. मास्तरांनी तक्रार केली, बदड. हाताला येईल त्यानं मारायचं; चप्पल म्हणू नका, नारळाची झावळी म्हणू नका. गिरणीच्या हमालांसमोर मारायचे तेव्हा शिव्या तेवढ्या मराठीतून द्यायचे, कारण घरची गोष्ट तमिळ माणसांच्या कानावर जायला नको. केवढी ती अब्रूची काळजी! मार बघून चालत होता, फक्त शब्द कळायला नकोत.

पुढं रघोजीचे खांदे भरले, दंड फुगले, तेव्हा थोरल्यानं त्याला मारणं कमी केलं आणि दुसऱ्यांवर सोडायला सुरुवात केली. कावेरीचं पाणी कालव्याला सुटलं की कुणाच्या शेताला आधी, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. वरुणराव छत्री उघडून बांधावर उभे राहायचे आणि नुसती मान हलवायचे. रघोजी लुंगी गुडघ्यावर दुमडून कमरेला खोचायचा. त्या मुलखात ही खूण पोरासोरांनाही कळते. लुंगी वर गेली की आता हात उठणार. आणि मोठं माणूस समोर आलं की तीच लुंगी सोडून घोट्यापर्यंत खाली घ्यायची, तो मान. रघोजी चिखलात कुणाच्या छातीवर बसलेला असला, तरी अण्णा बांधावरून उतरून जवळ आले की उठायचा आणि रक्ताच्या हातानं लुंगी खाली सोडायचा. पन्नाशी उलटली तरी ही सवय गेली नाही.

त्या लुंगीनंच त्याचा घात केला. गिरणीच्या मोठ्या पट्ट्यावर पत्र्याचं झाकण होतं. पट्टा घसरला की झाकण काढा, पट्टा चढवा, पुन्हा झाकण बसवा, यात फार खोळंबा होतो म्हणून वरुणरावांनी ते झाकण काढून कोपऱ्यात टाकलं होतं. ऐन सुगीत एका दुपारी फिरत्या पट्ट्यानं रघोजीच्या लुंगीचा काठ धरला आणि अख्खा माणूस ओढला. कापड सोडवायला त्यानं उजवा हात घातला, तो कोपरापर्यंत चाकात गेला. मांडीचं आतलं कातडं पट्ट्यानं सोलून काढलं. कुणीतरी धावत जाऊन मोटर बंद केली तोवर भिंतीवर रक्त आणि कोंडा एक झाला होता. इस्पितळात हात कोपराखालून कापला. वरुणराव बघायला आले, खाटेजवळ उभे राहिले आणि आंधळा झाला होतास काय, एवढं विचारून निघून गेले. याला भाऊ म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

हात गेला तर गेला. रघोजी डाव्या हातानं जेवायला शिकला, दाढी करायला शिकला, पोती मोजायला शिकला. फक्त लुंगी त्याच्यापुढं हार मानेना. लुंगी दोन हातांनी ताणावी लागते, घडी घालून आवळून खोचावी लागते. एका हातानं एक टोक धरलं की दुसरं सुटतं. थोटक्यानं दाबून बघितलं तर थोटक्यातून डोक्यापर्यंत कळ जायची. रुंद पट्टा आवळून बघितला, तो चार पावलांत सैल. पँट घातली की मांडीच्या सोललेल्या जागी घाम झिरपून आग व्हायची आणि दुपारपर्यंत कापडाला रक्त लागायचं. चिकटपट्टीची तयार वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं नेसायचं पांढरं धोतर, तीही आणली. ती जमत होती बरं का. पण वरुणरावांनी हमालांसमोर तिचं टोक धरून एकदाच हिसडा दिला, पट्टी टरकन सुटली आणि वेष्टी त्यांच्या हातात आली. हमाल हसले नाहीत. वरुणरावच हसले.

बायको असती तर तिनं नेसवली असती. पण शेषम्मा केव्हाच गेली होती आणि मूलबाळ नव्हतं. वहिनी चंद्रमती घरात होती, पण दिराला लुंगी नेसवणं तिला शोभलं नसतं. राहिले कोण, तर वरुणराव. रोज सकाळी रघोजी आपल्या खोलीतून लुंगी मुठीत धरून निघायचा आणि थोरल्याच्या दारात उभा राहायचा. अण्णांची कॉफी व्हायची, पेपर व्हायचा, फोन व्हायचे. मग ते उठून यायचे आणि गाठ अशी आवळायचे की पोटावर वळ उठावा. आदल्या दिवशी काही मनाविरुद्ध झालं असेल तर आधी कानाखाली एक, मग गाठ. ज्या माणसापुढं अख्खा कालवा टरकून होता, तो कापड धरून मार खात उभा राहायचा. कारण हात उचलला तर लुंगी पडणार. वरुणरावांना हे पक्कं ठाऊक होतं.

रघोजीला दुसरं काही नको होतं. सकाळी उठावं आणि कुणाच्याही दारात न जाता आपले आपण कपडे घालून बाहेर पडावं, एवढंच त्याला हवं होतं.

एका दुपारी मागच्या अंगणात दोरीवर पुतणी कीर्तना हिचा लांब स्कर्ट वाळत होता. कॉलेजातून आली की घरात ती तोच घालायची. कमरेला इलॅस्टिक. रघोजीनं बोटानं ते ताणून बघितलं. सोडलं. पुन्हा ताणलं. मग इकडंतिकडं बघून तो ओढला आणि पोत्यांच्या थप्पीमागं गेला. आपली खोली चार पावलांवर होती, लुंगी मुठीत धरून परतता आलं असतं, म्हणून त्यानं ती सोडली. दोन्ही पाय आत, डाव्या हातानं वर खेचला, झालं. अर्ध्यावर अडकला खरा, पोर काडीसारखी होती, पण जेवढा वर आला तेवढा आपसूक तिथंच राहिला. गाठ नाही, घडी नाही, कुणी लागत नाही. रघोजीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. हात कापला तेव्हा रडला नव्हता हा माणूस.

थप्पीपलीकडं चंद्रमती कपडे काढायला आली होती. तिनं बघितलं. तिच्या भुवईवर नवऱ्याच्या अंगठीचा जुना व्रण होता, त्यामुळं फार काही समजावून सांगायची गरज नव्हती. ती मान वळवून हळूच म्हणाली, "तुमच्या मापाचा मिळेल की बाजारात, भाऊजी."

पुढच्या आठवड्यात थोटकं दाखवायला इस्पितळात जातो म्हणून त्यानं थोरल्याकडून लुंगी नेसवून घेतली आणि बस पकडून तंजावरात उतरला. राजवीथी नावाच्या रस्त्यावर कापडाचं आणि तयार कपड्यांचं दुकान होतं. बायकांचा विभाग वरच्या मजल्यावर, गल्लाही तिथंच. तिथं कविता नावाची विक्रेती होती. तिनं विचारलं, कुणासाठी, मुलीसाठी का? रघोजीनं सांगितलं, माझ्यासाठी. ती आधी हसली. मग तिचं लक्ष थोटक्याकडं गेलं आणि तिनं हसू आवरलं. गल्ल्यावरचा मालक मात्र तिथूनच ओरडला की हा तमाशा इथं चालणार नाही, आणि बायकांच्या खोलीत पुरुषाला कपडे बदलायला पाठवायचं नाही.

आता बघा, खरी अडचण खोलीची नव्हतीच. स्कर्ट अंगावर चढतो की नाही हे बघायचं तर आधी लुंगी सोडायला हवी, आणि एकदा सुटलेली लुंगी रघोजीला पुन्हा नेसता येणार नव्हती. स्कर्ट बसला तर ठीक. नाही बसला तर भर बाजारात, गावापासून इतक्या लांब, कमरेला काही नाही. आणि मग फोन करून बोलवायचं कुणाला? अण्णांनाच.

कवितानं दिलेला स्कर्ट हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग एका खांबाआड सरकला आणि गाठीला हिसका दिला. लुंगी पायात पडली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत तो धिप्पाड माणूस आणि समोर खरेदीला आलेल्या बायका. एकच गलका उडाला. त्यानं पाय आत घातले आणि खेचलं. स्कर्ट मांडीपर्यंत आला आणि अडकला. आणखी खेचला, तर शिवण उसवायला लागली. सोललेल्या मांडीवरून रक्ताचा ओघळ निघाला. दुकानातला एक दांडगा पोऱ्या मालकाच्या सांगण्यावरून त्याच्या मानगुटीला धरायला आला. रघोजीनं डाव्या कोपराचा एकच फटका दिला, तो परकरांच्या ढिगात जाऊन पडला आणि तोंड धरून तिथंच बसला. मग कुणी जवळ आलं नाही.

मालकानं फोन उचलला. वरुणराव त्या दिवशी बाजारसमितीच्या बैठकीला तंजावरातच आले होते आणि मालक दोघा भावांना ओळखत होता. रघोजीला फोनवर अण्णांचं नाव ऐकू आलं. त्यानं कविताकडं बघितलं आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाला की बाई, मोठा दे, लवकर दे.

त्या पोरीचे उपकार मानायला हवेत. नोकरी जाईल म्हणून ती भ्यायली असेलच, तरी वरच्या फळीवरून तिनं सर्वांत मोठं माप काढलं. मातकट रंगाचा, जाड सुती, पोटऱ्यांपर्यंतचा स्कर्ट, बाजूला खिसा. रघोजीनं पाय घातले आणि खेचला. मांडी ओलांडली, कमरेवर आला, बसला. मांडीला कुठं घासत नव्हता. त्यानं हात सोडून बघितला, दोन पावलं चालून बघितलं, खाली बसून उठून बघितलं. मग डावा हात खिशात घातला आणि खोल श्वास घेतला.

जिन्यावर पावलं वाजली आणि वरुणराव वर आले. पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर गंध. त्यांनी भावाला वरून खाली बघितलं आणि मराठीतून सुरुवात केली. घराण्याला काळं फासलंस, बायकांत जाऊन बस आता, त्या दिवशी पट्ट्यानं गळाच का नाही धरला तुझा. आणि मग जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. तेच सगळं पुन्हा तमिळमधून बोलले. कवितापासून जिन्यावर जमलेल्या गर्दीपर्यंत सगळ्यांना शब्दन् शब्द कळावा म्हणून मोठ्यानं बोलले.

"काढ ते," शेवटी ते म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याच दारात यायचं आहे ना तुला?"

"नाही येणार, अण्णा," रघोजी म्हणाला.

गल्ल्यावर कापड मोजायचा लोखंडी गज पडला होता. वरुणरावांनी तो उचलून रघोजीच्या कपाळावर हाणला. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. दुसरा घाव थोटक्यावर बसला आणि रघोजी गुरासारखा ओरडला. आणि सवय बघा केवढी वाईट. थोरले समोर आहेत, रागावलेत, म्हणून त्याचा डावा हात लुंगी खाली सोडायला कमरेकडं गेलाच. चाचपला. खोचलेलं काही नव्हतं. खाली सोडायला काही नव्हतं. स्कर्ट जिथं होता तिथंच राहिला. तिसऱ्यांदा गज वर गेला तेव्हा तो मोकळा हात वरुणरावांच्या गळ्यावर बसला.

दोन हातांचं बळ त्या एका हातात उतरलं होतं. रघोजीनं थोरल्याला मागं रेटत नेऊन भिंतीवर आपटलं. आरसा फुटला. गज खणखणत खाली पडला. अंगठा घशाच्या हाडावर होता आणि रघोजी तो दाबत होता. कालव्यावरच्या कुठल्याच माणसाचा त्यानं असा गळा धरला नव्हता. वरुणरावांचा चेहरा काळानिळा झाला, डोळे बाहेर आले. मालक ओरडत होता, बायका जिन्यावरून खाली पळत होत्या. रघोजीला थोरल्याला मारूनच टाकायचं होतं. खरं सांगायचं तर आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यानं मारलंही असतं.

पण झटापटीत वरुणरावांची वेष्टी ढिली झाली आणि कमरेवरून सरकायला लागली. जीव चालला होता, छातीत हवा नव्हती, आणि त्या माणसानं गळ्यावरचा हात सोडवायला दोन्ही हात वर नेले होते, ते सोडून खाली आणले. दोन्ही मुठींनी वेष्टी धरली. गळा तसाच रघोजीच्या पंजात ठेवला.

रघोजीनं त्या मुठींकडं बघितलं. बोटं पांढरी पडली होती. कापड सुटू नये म्हणून मरायला तयार झालेला तो माणूस त्याला चांगला ओळखीचा होता. गेली दोन वर्षं रोज सकाळी तो स्वतःच तसा उभा राहिला होता. किळस आली, दया आली, स्वतःचीही आली. त्यानं हात काढला.

वरुणराव भिंतीला घासत खाली बसले, खोकत, ओकत, वेष्टी मात्र दोन्ही मुठींत घट्ट धरून. कुणी जवळ गेलं नाही. रघोजीनं डोळ्यांतलं रक्त बाहीला पुसलं. फुटलेल्या काचा पायानं बाजूला सारत तो गल्ल्यापाशी गेला. कविता तिथं अंग चोरून उभी होती.

"याच मापाचा अजून एक दे," रघोजी तिला म्हणाला. "हा धुवायला टाकला की उद्या घालायला लागेल."