विमावाल्यांची साक्षीदार

आता माझ्या जिभेनं काय उद्योग करून ठेवला ते सांगते. हसायचं तर कप खाली ठेवून हसा.

ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. आम्ही तिकडे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी होतो. माझा श्रीकांत मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या मणक्यातली चकती सरकली, दहा मिनिटं खुर्चीत बसवेना. असा माणूस घरी पडला की कंपनीच्या विम्यातून पगाराचा हिस्सा मिळतो. विमावाल्यांनी कळवलं, आजार पुरेसा नाही. पुरेसा म्हणजे काय, तिरडी बांधून दाखवायची? सुनेनं, माधवीनं, अपील केलं. घर त्यावरच तगायचं होतं.

एका दुपारी ती दोघं डॉक्टरकडे गेलेली. फोन वाजला. विमावाली बाई. टीव्ही बघून मला पाच-पंचवीस इंग्रजी शब्द येत होते.

"हाउ इज युअर सन?"

पोराचं वाईट तोंडानं कसं बोलू? वास्तू तथास्तु म्हणते. "फाइन," म्हटलं. "व्हेरी फाइन."

"डज ही सिट ॲट होम ऑल डे?"

माझा लेक काय बसून खाणारा आहे? "नो सिट. नेव्हर सिट." आणि खरंच होतं की, बसवतच नव्हतं त्याला.

"डज ही वर्क?"

"मच वर्क."

बाई गोड थँक्यू म्हणाली. आठवड्यानं पत्र आलं. मुलगा ठणठणीत, दिवसभर बसत नाही, भरपूर काम करतो, असं खुद्द आई सांगते.

"आई, तुम्ही त्यांच्या साक्षीदार झालात," माधवी म्हणाली.

"अगं, देव ऐकतो म्हणून चांगलं बोलले."

"देवाआधी विमावाल्यांनी ऐकलं."

पलंगावरून श्रीकांत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी माझी थोडी निंदा कर."

वकिलानं तोड काढली. आईला इंग्रजी येत नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या. माधवीनं मला सगळं मराठीत समजावलं आणि बँकेत नेलं. तिथे सही पारखून शिक्का मारणारा साहेब होता. मी अंगठा पुढे केला. साहेबानं विचारलं, "मॅम, धिस सेज यू डोन्ट नो इंग्लिश. डू यू अंडरस्टँड इंग्लिश?"

माधवी मान हलवतेय नाही-नाही. पण चार लोकांत अडाणी कशाला ठरू?

"यस," म्हटलं. "व्हेरी फाइन."

शिक्का हवेतच थांबला. साहेबानं मग माझ्याशी पाच मिनिटं इंग्रजीत गप्पा मारल्या. मी प्रत्येक वाक्याला यस म्हटलं. माझं वय दोनशे आहे, यालासुद्धा.

हे सगळं त्यानं कागदावर लिहून दिलं. तो कागद गेला, माझी फोनवरची साक्ष रद्द झाली आणि डॉक्टरांच्या रिपोर्टवर श्रीकांतचे पैसे सुरू झाले.

वकील माधवीला म्हणाला, "शंभर साक्षीदार आणले असते, तरी तुमच्या सासूबाईंना काही कळत नाही हे इतकं पक्कं सिद्ध झालं नसतं."

तो हे इंग्रजीत म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं.