दिव्यासमोरचं गिऱ्हाईक

"आबा, बसा की हो खुर्चीत!"

"मी बसू? मग गिऱ्हाईक काय माझ्या मांडीवर बसवू?"

थोरल्या सुनेनं कपाळावर हात मारला. सासऱ्यानं चाळीस वर्षं लोकांचे केस कापले होते. आता नातवंडांची नावं डोक्यातून पुसली गेली होती, पण खुर्ची गिऱ्हाइकाची आणि आपण तिच्या मागं उभे, हे पक्कं होतं.

रात्रभर म्हातारा घरातून फेऱ्या मारी आणि दिवसा भिंतीला टेकून पेंगे. त्याच्यामागं थोरली जागायची. तिचा नवरा मात्र ढगफुटी झाली तरी कूस बदलणाऱ्यातला नव्हता. जागरणानं डोळे मिटत मिटत तिनं परवा शिवायला घेतलेल्या शाळेच्या एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सकाळी अर्धा तास लख्ख उजेड चेहऱ्यावर पडू दे. काहींना गुण येतो. जादू नाही, पण करून बघा." धाकट्या दिरानं लगेच पाटीएवढा पांढरा दिवा धाडून दिला. दिव्याबरोबर निरोपही आला: महिन्यात फरक पडला नाही, तर आबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. त्याला काय, त्याला आबा फोनमध्येच भेटत. थोरलीला मात्र ते नको होतं. या घरात तिच्या शिलाईला सरळ म्हणणारा म्हातारा हाच एक माणूस होता, आणि अजूनही तो रोज टाके बघून "सरळ आहे" म्हणायचा.

दिवा खुर्चीसमोर मांडला, पण आबा काही खुर्चीत बसेनात. आठवडाभरानं दीर स्वतःच तपासणीला आला.

"वहिनी, तुम्हाला जमत नाही म्हणजे काय? अहो, शास्त्र आहे हे. बघा, असं बसायचं, अशी मान..."

असं म्हणत तो खुर्चीत बसला. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी टॉवेल झटकला, दिराच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि शिवणमशीनवरची कापडाची कात्री उचलली.

थोरली पुढं झेपावली, पण हाताकडं बघून थबकली. काय तो हात! एरवी चहाचा कप सांडणारा हात कानामागून पाण्यासारखा चालला होता. समोर आरसा नव्हता, दिवाच होता. दीर डोळे मिटून झोपेवर व्याख्यान देत होता.

"मान खाली घ्या, साहेब," आबा म्हणाले.

"ऐकताय ना वहिनी? सातत्य महत्त्वाचं!"

"ऐकतेय की. हलू नका, भावजी."

थोरलीची नजर दिव्यावर गेली. उजेड सगळा दिराच्या तोंडावर, म्हाताऱ्याच्या फक्त पोटावर. तिनं गणवेशांच्या कापडाचे तीन गठ्ठे एकावर एक रचले आणि दिवा वर ठेवला. आता उभ्या माणसाचा चेहरा न्हाऊन निघाला. अर्धा तास झाला, तरी आबा हलले नाहीत. म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक येऊ दे."

मग दिरानं डोक्यावरून हात फिरवला. मागं मखमल, पुढं वाळवंट. पंधरा दिवस तो कचेरीत टोपी घालून बसला म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला खुर्चीत बसवायचं ठरलं. कात्री कपाटात, हातात नुसता कंगवा. नवरा कुरकुरला, "रोज नुसता भांग पाडून घेऊ?"

"झोप काढताच ना? बसून काढा."

महिना भरला तसा दिराचा फोन आला. "काय, पडला का फरक? का फॉर्म भरू?"

"सातातल्या चार रात्री पहाटेपर्यंत झोपतात."

"चारच? सगळ्या नाही?"

"तुम्ही वर्षातनं एकदा येता, तरी आम्ही तुम्हाला मुलगाच म्हणतो ना? मग चार पुष्कळ झाल्या. अजून एक महिना द्या. नाहीतर या, आबांना गिऱ्हाईक कमी पडतंय."

 पलीकडून आवाज आला, "बरं, बघा अजून महिनाभर."

थोरलीनं फोन ठेवला. खुर्चीत नवरा घोरत होता आणि आबा त्याचा तोच भांग चौथ्यांदा पाडत होते. तिनं कॉलरचं कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनला पाय मारला.