पुरणपोळीचा दंड

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. मी आणि लता भांडी आवरायला बसलो की एक निघतो, आणि त्याचं बोट धरून दुसरा! आम्ही दोघी नवागामला राहतो, मूळच्या परभणीकडच्या. पर्वत पाटियाजवळ एका गुजराती कापडवाल्या शेठच्या बंगल्यावर मोठ्या लोकांची जेवणं होतात, तिथला स्वयंपाक आमचा. व्यापारी येतात, सरकारी साहेब येतात. शेठना सध्या एकच ध्यास. कापड मार्केटमागचा खोदून ठेवलेला रस्ता व्हायला हवा! टेम्पो आत जात नाहीत, आणि आम्ही फुटलेल्या पाइपाच्या चिखलातून येतो.

पण शेठच्या आईचा, म्हणजे बांचा, नियम कडक. "जमता जमता धंधानी वात नहीं!" जेवताना जो कामाचं बोलेल त्याच्या ताटात दंडाची पुरणपोळी. तुपासकट. टाकायची नाही!

*

पहिला दंड शेठनाच बसला. आमटी वाढते तोच ते म्हणाले, "साहेब, तो रस्ता..."

बांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पोळी वाढली.

"बा, मी तुमचा मुलगा आहे!"

आमच्या संगतीने बा मोडकं मराठी शिकल्यात. म्हणाल्या, "मुलगा छे? तर तूप जास्त घाल!"

*

एका व्यापाऱ्याने युक्ती काढली. तोंड उघडायचंच नाही! ताटात श्रीखंडाचा रस्ता काढला, मध्ये वाटाण्याचा टेम्पो अडकवला आणि साहेबांना हात जोडले.

बा म्हणाल्या, "चित्र पण बोलते! दोन वाढ!"

*

दिल्लीहून धोरणं ठरवणारे एक साहेब आले होते. पोळीचा पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. मग सुरू! "एक्सपोर्ट!" मी पोळी वाढली. "पॉलिसी!" वाढली. "पॉवरलूम!"

लता धावत आत आली. "अगं, पुरण संपत आलं, आणि साहेबांना अजून शब्द आठवतायत!"

*

रस्त्याचे साहेब मात्र हुशार. जेवताना गप्प, आणि हात धुतले की "मीटिंग आहे" म्हणत थेट गाडीत.

एकदा ते जेवायला होते त्याच दिवशी लता त्या रस्त्यात पडली. कोपर सोललं, साडीला चिखल. वाढताना साहेबांनी विचारलं, "बेन, काय झालं?"

शेठचा घास हातातच राहिला. लताने बांकडे पाहिलं. "काही नाही साहेब, जेवा."

आत आल्यावर मी चिडले. "सांगायचं होतंस ना!"

"अगं, दंडाची पोळी घ्यायला ताट कुठे होतं माझ्यापुढे?"

मागे वळून बघते तर दारात बा!

*

बांनी लताचा हात धरला, बाहेर नेलं, साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. साहेब उठायच्या बेतात होते, ते पुन्हा बसले. बांनी स्वतः ताट मांडलं, पोळी वाढली, वर तुपाची धार धरली.

"आता बोल, दीकरी."

लताने पदर सावरला. "साहेब, तुमच्या रस्त्यात पडले मी. कधी होणार तो?" आणि पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

सगळं टेबल साहेबांकडे बघत होतं. साहेबांनी लताचं कोपर पाहिलं. पोळ्यांचा डबा पाहिला. हळूच बेल्ट सैल केला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"बेन, आधी वाढा!"