पिंजाऱ्याच्या घरातली दुपार

शाहूवाडीकडच्या आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी यांचा पाण्यावरून तंटा होता. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. आम्ही वरच्या आळीचे. गंज्या पेटायच्या, कुऱ्हाडी निघायच्या. मारणारे गडी असायचे. होरपळायच्या मात्र बायका-पोरं. महाराजांचं राज्य होतं, पण कोल्हापूर लांब होतं.

मी सात वर्षांची असेन. भाताची कापणी चालली होती. भर दुपारी आमच्या खळ्याकडून धूर आला. आईनं माझा हात धरला आणि धावत गावाबाहेरच्या पिंजाऱ्याच्या घरी नेलं. पिंजारी फिरतीवर होता. त्याची बायको, आमची चाची, एकटीच कापूस पिंजत होती. तिनं कापसाच्या ढिगामागं बोट दाखवलं.

आत खालच्या आळीच्या बायका आधीच बसल्या होत्या. त्यांत माझी सख्खी मावशी होती. तिकडं दिलेली, तंट्यापायी चार वर्षं आई तिच्याशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. शेजारी बसली फक्त.

पोरांचं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून चाची पिंजतच राहिली. पिंजायच्या कमानीचा नाद घुमत होता. उन्हाच्या तिरिपेत कापूस तरंगत होता, सगळ्यांच्या केसांवर, पापण्यांवर हळूहळू उतरत होता. मला वाटलं, आपण ढगात बसलोय आणि गाव कुठंतरी खाली राहिलंय.

मग दारात माझा चुलता उभा राहिला. हातात कुऱ्हाड, मागं चार-पाच गडी.

"चाची, खालच्या आळीच्या तेवढ्या भायेर काढ."

"मला न्हाई वळखू येत," चाची म्हणाली. "समद्यांच्या डोक्यावर कापूस हाय. तूच बघ की."

तो आत आला. आई उठली आणि मावशीच्या पुढं उभी राहिली.

"भावजी, पयलं मला."

चुलत्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कापूस त्याच्याही खांद्यावर बसत होता. मग तो वळला आणि गड्यांना घेऊन निघून गेला.

तंटा पुढंही दोन पावसाळे चालला. पण चाचीच्या घरात शिरलेल्या बाईमागं कुणी गेलं नाही. शेवटी संस्थानचे अंमलदार आले, पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या.

त्यानंतर मावशी पहिल्यांदा आमच्याकडं आली, तेव्हा आई चूल सारवत होती.

"बस," ती म्हणाली आणि सारवत राहिली.

मावशी बसली.